साठावा कसोटी सामना

भारत आणि पाकिस्तान या दोन राष्ट्रांमध्ये आजवर ५९ कसोटी सामने झाले. पहिला १९५२ च्या ऑक्टोबरात दिल्लीस, आणि एकोणसाठावा २००७ च्या डिसेंबरात बंगळुरास. त्यांपैकी १२ पाकिस्तानने जिंकले, ९ भारताने जिंकले, आणि उरलेले ३८ अनिर्णित राहिले. साठावा सामना केव्हा होणार, कोठे होणार, किंबहुना होणार की नाही, हे आज कोणासही सांगता येत नाही. तथापि त्याची वाट पाहणारी माणसे दोन्ही देशांत आहेत. आम्ही त्यांच्यापैकी आहोत, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. म्हणजे आमचा कल कोणीकडे आहे हे हुडकून काढण्याचे श्रम वाचकांस पडणार नाहीत.

यावर कोणी म्हणेल की, वाट ती कसली पाहावयाची? हे दोन संघ तर वर्षादीडवर्षाने कोठे ना कोठे समोरासमोर येतातच. कधी दुबईत, कधी मेलबर्नला, कधी अहमदाबादेस. ही गोष्ट खरी आहे. परंतु सामना ही एक वस्तू आणि मालिका ही दुसरी वस्तू. एका संध्याकाळच्या सामन्यात पाहुणा संघ येतो, खेळतो, आणि रात्रीच्या विमानाने निघून जातो. मालिकेत त्यास पाचसहा आठवडे यजमानांच्या देशात राहावे लागते. चार-पाच शहरांचे पाणी प्यावे लागते, तेथील सभासमारंभांतून बसावे लागते, आणि एकाच गोलंदाजास वीस वीस तास तोंड द्यावे लागते. एवढ्या अवधीत प्रतिस्पर्ध्याचे केवळ गुणदोषच नव्हे, तर त्याचा स्वभावही कळून येतो, आणि ज्याचा स्वभाव कळला त्याचा निखळ द्वेष करणे मोठे अवघड असते. आमचे म्हणणे असे आहे की, या दोन देशांच्या क्रिकेटचा जो काही मोठेपणा आहे तो मालिकांनी दिलेला आहे, आणि त्यास आज जे ओंगळ रूप येत आहे ते बऱ्याच अंशी मालिका बंद पडल्यामुळे आले आहे. हे म्हणणे टिकते की नाही, ते इतिहासावर घासून पाहू.

हा इतिहास १९५२ पासून सुरू होतो असे दप्तर सांगते. वस्तुतः तो त्यापूर्वीच, आमच्या मुंबईच्या मैदानांवर सुरू झाला होता. तेथील तिरंगी सामन्यांचे १९१२ मध्ये चौरंगी झाले ते मुसलमानांचा संघ त्यांत आल्यामुळे, आणि १९३७ मध्ये त्यांचे पंचरंगी झाले. धर्मवार संघ करण्याची ती पद्धत चांगली नव्हती. तिच्याविरुद्ध त्या काळी पुष्कळ लिहिले व बोलले गेले, महात्मा गांधींनीही आपला प्रतिकूल अभिप्राय दिला होता, आणि १९४६ नंतर ती बंद झाली हे योग्यच झाले. परंतु तिच्याविषयी बोलताना एक गोष्ट विसरली जाते. १९४४-४५ सालच्या अंतिम सामन्यात मुसलमानांच्या संघाने हिंदूंच्या संघावर अवघा एक गडी राखून विजय मिळविला, तो ब्रेबोर्न मैदानावर, आणि बहुतांशी हिंदू असलेल्या प्रेक्षकवर्गासमोर. त्या दिवशी विजयी संघास टाळ्या कमी पडल्या नाहीत. देशाच्या फाळणीस तेव्हा तीन वर्षेदेखील उरली नव्हती.

दुसरी गोष्ट बडोद्याची. १९४७ च्या मार्च महिन्यात रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोदे संघाचे दोन फलंदाज होळकर संघाविरुद्ध एकत्र आले, आणि त्यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. एक विजय हजारे, आमच्या सांगलीचे. त्यांच्या २८८ धावा. दुसरे गुल महंमद, मूळचे लाहोरचे, त्यांच्या ३१९. कोणत्याही गड्यासाठी इतकी मोठी भागीदारी पुढे जवळजवळ साठ वर्षे, म्हणजे २००६ पर्यंत, जगात कोणास जमली नाही. ज्या महिन्यात पंजाबात दंगलींचा वणवा पेटत होता त्याच महिन्यात सांगलीचा एक ख्रिस्ती आणि लाहोरचा एक मुसलमान एका मराठी संस्थानिकाच्या संघाकडून तासन् तास एकमेकांस साद घालीत धावत होते. याच बडोदे संघात अमीर इलाही नावाचे एक गोलंदाज होते. त्यांनी १९४७ च्या डिसेंबरात सिडनीस भारताकडून कसोटी सामना खेळला. आणि पाचच वर्षांनी, १९५२ साली, ते पाकिस्तानच्या संघातून भारतात आले. गुल महंमद त्याच मालिकेत भारताकडून खेळले, आणि पुढे १९५६ मध्ये पाकिस्तानकडून! सरहद्द काढणाऱ्यांनी ती नकाशावर एका रेघेत काढली. माणसांच्या आयुष्यातून ती अशी वेडीवाकडी गेली.

तिसरी गोष्ट पुण्याची आहे, आणि ती आम्हांस या सर्व इतिहासात अत्यंत महत्त्वाची वाटते. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठी जो भारतीय संघ निवडला गेला त्यात लाहोरचे वीस वर्षांचे वेगवान गोलंदाज फजल महंमूद हे होते. या संघाचे सरावशिबिर १९४७ च्या ऑगस्टात पुण्यास भरले. पुण्याचा ऑगस्ट म्हणजे पावसाची झड. खेळ फारसा झालाच नाही. तिकडे देश दुभंगला होता आणि फजल यांस घरी पोहोचावयाचे होते. पुण्याहून मुंबईस जाताना आगगाडीत काही माथेफिरू त्यांच्या अंगावर चालून आले. त्या वेळी डब्यात कर्नल सी. के. नायडू होते. नागपूरचे हे नायडू भारताचे पहिले कसोटी कर्णधार. त्यांचे वय तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते. त्यांनी आपली बॅट हाती घेतली आणि त्या टोळीस दूर राहण्यास बजावले. हा प्रसंग फजल यांनीच पुढे आपल्या आठवणींत नमूद केला आहे. ते सुखरूप लाहोरास पोहोचले, परंतु तेथील स्थिती पाहून भारतीय संघातून ऑस्ट्रेलियास जाण्याचा विचार त्यांनी सोडून दिला. नायडूंच्या त्या बॅटीने अनेक संस्मरणीय षट्कार मारले. पण त्यांच्या धावांचे आकडे सांगणारे या एका प्रसंगाचा उल्लेख क्वचितच करतात.

पहिल्या मालिकेस जे आले ते असे लोक होते. पाकिस्तानचे कर्णधार अब्दुल हफीज कारदार हे १९४६ मध्ये इंग्लंडात भारताकडून तीन कसोटी सामने खेळलेले. भारताचे कर्णधार लाला अमरनाथ हे लाहोरच्याच मैदानांवर वाढलेले. दोन राष्ट्रांचे दोन सेनापती, आणि दोघांची शाळा एक! दिल्लीच्या पहिल्या सामन्यात विनू मंकड यांनी १३१ धावांत १३ गडी बाद केले आणि भारताने एक डाव ७० धावांनी विजय मिळविला. त्या सामन्यातील मंकडांची कामगिरी सर्वांच्या तोंडी आहे. पण शेवटच्या गड्यासाठी झालेली १०९ धावांची भागीदारीही विसरण्याजोगी नाही. ती पुण्यास जन्मलेल्या हेमू अधिकारी यांची आणि हैदराबादच्या गुलाम अहमद यांची. त्या नव्या राष्ट्राचे म्हणणे जे काही होते त्यास या एका भागीदारीने जे उत्तर दिले ते संसदेतील भाषणांनीही दिले नसेल.

दुसरा सामना लखनौस, गोमतीच्या काठी, तागाच्या चटईवर झाला, आणि तेथे सारा रंग पालटला. पुण्याच्या गाडीतून जीव वाचवून गेलेल्या त्या तरुणाने पहिल्या डावात ५२ धावांत ५ आणि दुसऱ्या डावात ४२ धावांत ७ असे एकंदर १२ गडी बाद केले. पाकिस्तानने आपल्या दुसऱ्याच कसोटी सामन्यात एक डाव ४३ धावांनी विजय मिळविला. नजर महंमद १२४ धावा करून अखेरपर्यंत नाबाद राहिले. लखनौच्या लोकांस हा पराभव सोसवला नाही आणि त्यांनी आपला राग आपल्याच खेळाडूंवर काढला. ही खोड आमच्या लोकांत आजची नाही, हे यावरून दिसेल. तिसरा सामना मुंबईस. ब्रेबोर्न मैदानावर हजारे यांनी नाबाद १४६ आणि उम्रीगर यांनी १०२ धावा केल्या, भारताने दहा गडी राखून विजय मिळविला आणि पुढे मालिकाही जिंकली. पहिल्या तीन सामन्यांत तीन निकाल! यापुढे काय व्हावयाचे होते याची कल्पना त्या वेळी कोणास आली असती तर त्याने हे तीन सामने अधिक जपून ठेवले असते.

कारण यापुढचे तेरा सामने एकामागून एक अनिर्णित राहिले. १९५४-५५ मध्ये मंकडांच्या नेतृत्वाखाली आपला संघ पाकिस्तानात गेला. ढाका, बहावलपूर, लाहोर, पेशावर, कराची येथील पाचही सामने निकालावाचून संपले, आणि पाच सामन्यांची संपूर्ण मालिका अशी कोरडी जाण्याची ती कसोटी क्रिकेटच्या इतिहासातली पहिली खेप. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानचा संघ इकडे आला. पुन्हा पाच सामने, पुन्हा पाचही अनिर्णित. मुंबईस हनीफ महंमद यांनी १६० धावा केल्या. त्या पाहणे हा ज्यांस धीर आहे त्यांस आनंद होता. परंतु एकंदर खेळ असा की, जिंकण्याची इच्छा कोणास नव्हती आणि हरण्याची भीती मात्र दोघांसही होती. आमच्या मते या दोन मालिकांचे खरे अपयश नैपुण्याचे नव्हते. हरलो तर घरी काय तोंड दाखवावे, हा प्रश्न दोन्ही कर्णधारांच्या छातीवर बसला होता. खेळास राष्ट्राची अब्रू बांधली की खेळाडू अब्रूच राखीत बसतो, खेळत नाही.

पण या कंटाळवाण्या काळातच एक अपूर्व घटना घडली, आणि ती मैदानाच्या आत नव्हे, बाहेर घडली. १९५५ च्या जानेवारीअखेर लाहोरास कसोटी सामना होता. त्यासाठी वाघ्याची सरहद्द खुली करण्यात आली आणि हजारो भारतीय, बहुतेक पंजाबी शीख व हिंदू, ती ओलांडून सामना पाहावयास गेले. आठच वर्षांपूर्वी याच रस्त्याने हेच लोक प्रेतांच्या राशींतून इकडे आले होते. आता ते सकाळी अमृतसराहून निघत आणि रात्री परत येत. सामन्याचा निकाल लागला नाही, खेळही रटाळ झाला. परंतु ही माणसे लाहोरास गेली ती केवळ फलंदाजी पाहावयास गेली, असे कोण म्हणेल? आपले जुने घर, जुनी गल्ली, जुना शेजारी पाहण्यास सरकारी परवाना मिळाला असता की नाही कोण जाणे; क्रिकेटच्या तिकिटाने तो मिळाला.

यानंतर सतरा वर्षे काही नाही. १९६५ चे युद्ध झाले, १९७१ चे झाले, ढाका दुसऱ्या राष्ट्राची राजधानी झाली. १९७८ मध्ये बिशनसिंग बेदी यांचा संघ पाकिस्तानात गेला तेव्हा जुन्यांपैकी फारसे कोणी उरले नव्हते. फैसलाबादचा सामना अनिर्णित राहून तेराचा आकडा पुरा झाला, आणि मग लाहोर व कराची येथे पाकिस्तानने भारतास चारी मुंड्या चीत केले. झहीर अब्बास यांनी तीन सामन्यांत ५८३ धावा केल्या. बेदी, प्रसन्न, चंद्रशेखर यांच्या फिरकीचे युग त्यांच्या बॅटीखाली संपत आले. कराचीस सुनील गावसकर यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली, १११ आणि १३७, तरी पराभव टळला नाही. साहिवालच्या एकदिवसीय सामन्यात सरफराज नवाझ यांनी एकामागून एक उसळते चेंडू टाकले, पंचांनी त्यांस दोष दिला नाही, तेव्हा बेदींनी आपले फलंदाज परत बोलावले आणि सामना सोडून दिला. मालिका म्हणजे नुसती गोडीगुलाबी असते असा आमचा दावा नाही, हे सांगण्यासाठीच हा प्रसंग येथे घेतला. भांडण झाले, पण पुढल्याच वर्षी पाकिस्तानचा संघ भारतात आला, सहा सामने खेळला, आणि मुंबई व मद्रास येथे हरून गेला. भांडण मिटविण्यास पुढली भेट ठरलेली असावी लागते.

तो १९७९ च्या डिसेंबरातील वानखेडे मैदानावरचा सामना हा पाकिस्तानचा मुंबईतील अखेरचा कसोटी सामना ठरला. ज्या शहरात या स्पर्धेचा पाळणा हलला त्या शहराने ती यानंतर पाहिलेली नाही. नागपुरास १९८३ मध्ये एक सामना झाला, तेवढाच.

१९८० नंतरच्या दशकात मालिका पुष्कळ झाल्या. त्या सर्वांची मोजदाद येथे करीत नाही. १९८२-८३ मध्ये इम्रान खान यांनी सहा सामन्यांत ४० गडी घेऊन आमच्या फलंदाजांची दाणादाण उडविली. १९८४ मध्ये सियालकोटास एकदिवसीय सामना चालू असता, दिलीप वेंगसरकर ९४ धावांवर नाबाद असताना, इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी आली आणि दौरा तेथेच संपला. १९८७ च्या मार्चात बंगळुरास गावसकर यांनी फिरकीस फशी पडणाऱ्या खेळपट्टीवर ९६ धावा केल्या. ती त्यांची अखेरची कसोटी खेळी. त्यांच्या शतकांत तिची गणना होत नाही आणि तीत त्यांची बरोबरी करील असे शतक फार थोडे. भारत १६ धावांनी हरला, आणि पाकिस्तानने भारतात पहिल्यांदा मालिका जिंकली. या काळातील एक बारीकशी गोष्ट मात्र नोंदवून ठेवण्याजोगी आहे. १९८६ च्या नोव्हेंबरात पाकिस्तान व वेस्ट इंडीज यांच्यातील लाहोरच्या कसोटीसाठी त्रयस्थ पंच हवे होते. ते पाकिस्तानने मागविले ते भारतातून. व्ही. के. रामस्वामी आणि आमच्याकडील पिलू रिपोर्टर हे ते दोघे. आपल्या निवाड्याचे काम ज्यावर सोपवावे तो शत्रू कसा?

१९८९ च्या नोव्हेंबरात कराचीस सोळा वर्षांचा सचिन तेंडुलकर प्रथम कसोटी खेळला, हे शाळकरी पोरांसही ठाऊक आहे. यानंतर पुन्हा मोठा खंड पडला. १९९१ च्या ऑक्टोबरात पाकिस्तानचा संघ येणार म्हणून शिवसैनिकांनी वानखेडे मैदानाची खेळपट्टी उखडली आणि तो दौरा रद्द झाला. १९९९ च्या जानेवारीत दिल्लीच्या कोटला मैदानावर तोच प्रकार झाला; परंतु या वेळी दौरा रद्द झाला नाही. पहिला सामना मद्रासेस, म्हणजे आता ज्यास चेन्नई म्हणतात तेथे, हलविण्यात आला.

त्या सामन्यासंबंधी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. भारतास जिंकण्यासाठी २७१ धावा हव्या होत्या. ८२ धावांत पाच गडी बाद झाले. तेंडुलकर यांच्या पाठीत असह्य कळा येत होत्या. तशाही स्थितीत नयन मोंगिया यांस साथीला घेऊन त्यांनी सामना जवळजवळ खेचून आणला. ते १३६ धावांवर बाद झाले तेव्हा केवळ सतरा धावा उरल्या होत्या आणि तीन गडी हाती होते. ते तिघे चार धावांत गेले. पाकिस्तानने बारा धावांनी सामना जिंकला. प्रेक्षागारावर क्षणभर शोककळा पसरली. मग लोक एकेक करून उभे राहिले आणि पाकिस्तानच्या संघासाठी टाळ्या वाजवू लागले, त्या थांबेनात. वासिम अक्रम यांनी आपला संघ घेऊन मैदानाला प्रदक्षिणा घातली. देशभर खेळपट्ट्या उखडण्याची भाषा चालू असता, सर्वांत प्रिय खेळाडूच्या डोळ्यांत पाणी असता, सामना हातातोंडाशी येऊन गेला असता, या लोकांनी जे केले ते त्यांस कोणी शिकविले होते? आम्हांस वाटते, चार दिवस समोर बसून सकलैन मुश्ताक यांची फिरकी आणि शाहिद आफ्रिदींच्या १४१ धावा पाहिल्यामुळे ते शिकले. ज्याचे कौशल्य इतका वेळ डोळ्यांनी मोजले त्यास नाकारणे जाणत्या प्रेक्षकास शक्यच नसते. पुढे दिल्लीस अनिल कुंबळे यांनी ७४ धावांत दहाही गडी बाद केले आणि मालिका बरोबरीत सुटली.

याच महिन्यात कलकत्त्यास आशियाई स्पर्धेचा सामना झाला. शोएब अख्तर यांस अडखळून तेंडुलकर धावबाद झाले, प्रेक्षक खवळले, आणि शेवटच्या दिवशी पोलिसांनी रिकाम्या केलेल्या प्रेक्षागारात सामना पुरा करावा लागला. उन्हाळ्यात कारगिल झाले. तेव्हा चेन्नईच्या टाळ्यांनी काय साधले, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो अगदी योग्य आहे. क्रिकेटने युद्ध थांबत नाही. तोफांचे निर्णय जेथे होतात तेथे क्रिकेटच्या धावफलकास कोणी विचारीत नाही. साधले एवढेच की, पाच वर्षांनी पुन्हा जाण्याचा प्रसंग आला तेव्हा जावे असे वाटणारे लोक शिल्लक होते.

तो प्रसंग २००४ चा. पाकिस्तानात जाऊन कसोटी मालिका खेळण्यास पंधरा वर्षांनी प्रारंभ झाला. हजारो भारतीयांस प्रवेशपत्रे मिळाली. कराचीच्या एकदिवसीय सामन्यात पाकिस्तान अवघ्या पाच धावांनी हरले, आणि कराचीकरांनी भारतीय संघास चेन्नईची परतफेड केली. मुलतानास वीरेंद्र सेहवाग यांनी ३०९ धावा काढल्या. तीनशेवा आकडा गाठला तो सकलैन यांच्या चेंडूवर षट्कार मारून. रावळपिंडीस राहुल द्रविड यांनी २७० धावा केल्या, आणि भारताने पाकिस्तानच्या भूमीवर आपली पहिली मालिका जिंकली. गंमत अशी की, या दौऱ्यात भारतात जो सर्वांत मोठा वाद माजला तो पाकिस्तानविषयी नव्हताच. तेंडुलकर १९४ वर नाबाद असता द्रविडांनी डाव का घोषित केला, याविषयी होता! दोन शेजाऱ्यांतील वैर इतके खाली उतरावे की घरातल्या घरात भांडावयास सवड मिळावी, याहून त्या मालिकेचे यश दुसरे कोणते सांगावे? २००५, २००६ आणि २००७ या तिन्ही वर्षी मालिका झाल्या. चार वर्षांत चार. त्याच्या आधी वा नंतर इतकी सलगी कधी झाली नाही.

आणि मग २००८ च्या नोव्हेंबरची २६ तारीख आली. मुंबईत राहणाऱ्या, किंवा मुंबईत ज्यांचे कोणी राहते अशा, कोणत्याही मराठी कुटुंबास त्या रात्रीचे वर्णन ऐकविण्याची गरज नाही. त्यानंतर २०१२-१३ च्या हिवाळ्यात तीन एकदिवसीय व दोन वीस षटकांच्या सामन्यांचा एक लहानसा दौरा झाला. कसोटी एकही नाही. २०२५ च्या एप्रिलात पहलगामास प्रवाशांची हत्या झाली, मे महिन्यात दोन्ही सैन्ये भिडली, आणि ऑगस्टात भारत सरकारने आपले धोरण जाहीर केले: पाकिस्तानशी द्विपक्षीय सामने नाहीत, अनेक राष्ट्रांच्या स्पर्धेत मात्र खेळावे. ज्यांच्या घरचे माणूस गेले ते जर म्हणतील की, यांच्याशी खेळच नको, तर त्यांच्यासमोर आमची मान खाली जाते. त्यांच्याशी वाद घालण्याचा अधिकार क्रिकेटप्रेमाने आम्हांस मिळत नाही.

पण आज जे चालले आहे ते तरी त्या बहिष्काराचे कोठे आहे? २०२५ च्या सप्टेंबरात आशिया चषकासाठी हे दोन संघ दुबईत पंधरवड्यात तीनदा खेळले. भारताने तिन्ही सामने जिंकले. एकाही सामन्यानंतर खेळाडूंनी हात मिळविले नाहीत, आणि जिंकलेला चषक स्पर्धेच्या पाकिस्तानी अध्यक्षांच्या हातून घेण्याचे नाकारण्यात आले. तिकिटे विकली गेली, जाहिराती झळकल्या, प्रक्षेपणाचे पैसे चुकते झाले; फक्त हस्तांदोलन तेवढे वर्ज्य! खेळावयाचे नसेल तर न खेळण्यात एक कठोर प्रामाणिकपणा आहे. खेळावयाचे असेल तर प्रतिस्पर्ध्यास नमस्कार करून खेळावे, यात जुना शिष्टाचार आहे. बाजार चालू ठेवून बोलणे बंद करणे यांत दोन्ही नाहीत, आणि ही तडजोड आम्हांस मुळीच मानवत नाही. एका संध्याकाळच्या सामन्यास हे सारे शोभून जाते, कारण तीन तासांत शत्रू हा शत्रूच राहतो. पाच दिवसांच्या सामन्यात, आणि तशा पाच सामन्यांत, तोंड फिरवून बसणे जमणारे नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी कोणी तरी कोणाच्या तरी झेलास वाहवा म्हणणारच.

मध्यंतरी दोन पिढ्या निघून गेल्या. विराट कोहली १२३ कसोटी सामने खेळले, आर. अश्विन यांनी ५३७ गडी बाद केले, आणि दोघेही पाकिस्तानविरुद्ध एकही कसोटी न खेळता निवृत्त झाले. जागतिक कसोटी स्पर्धा २०१९ पासून चालू आहे. तिच्या कार्यक्रमात या दोन संघांची एकमेकांशी मालिका ठेवण्यात आलेली नाही. २००७ साली जन्मलेली मुले आता मतदानाच्या वयास आली. त्यांनी पाकिस्तानचा गोलंदाज पांढऱ्या पोशाखात भारतीय फलंदाजासमोर धावत येताना पाहिलेला नाही. त्यांस ठाऊक आहे ती रात्रीच्या दिव्यांतली आरडाओरड.

साठाव्या सामन्याच्या पहिल्या सकाळी म्हणूनच एक विलक्षण स्थिती असेल. १९५२ मध्ये दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांस पुरते ओळखीत होते आणि राष्ट्रे नवी होती. या वेळी राष्ट्रे जुनी असतील आणि माणसे अनोळखी. पहिले काही तास खेळ संथ चालेल. १९५५ सारखा, अब्रू राखण्याचा. समालोचकांपैकी कोणी तरी चेन्नईची आठवण काढील, कोणी मुलतानची. तो सामना मुंबईत होईल अशी आशा आम्ही धरीत नाही. दिल्ली, लाहोर, नाहीतर परक्या मुलखातील एखादे मैदान त्याच्या वाट्यास येईल. पण सरहद्दीच्या अलीकडचे व पलीकडचे लोक ज्यास पायी जाऊ शकतील अशा ठिकाणी तो व्हावा, आणि वाघ्याचे फाटक त्या पाच दिवसांपुरते तरी १९५५ प्रमाणे उघडे राहावे.